पादलेखातील ओळींची जुळवणी : गणिती सूत्रांच्या मुद्रणातील एक प्रश्न

गणिताच्या ग्रंथात एखाद्या चिन्हाच्या पायाशी लहान टंकात जो मजकूर छापला जातो, त्यास सामान्यतः पादांक असे म्हणतात. हे नाव जोवर तेथे केवळ अंक किंवा एखादे अक्षर असते तोवर योग्यच होय. परंतु संकलनचिन्हाखाली जेव्हा दोन-तीन अटी एकीखाली एक अशा लिहाव्या लागतात, किंवा पायाशी शब्दच्या शब्द येतात, तेव्हा त्यास अंक म्हणणे अपुरे पडते. प्रस्तुत लेखात अशा मजकुरास पादलेख ही संज्ञा वापरली आहे. एकाहून अधिक ओळींच्या पादलेखात त्या ओळी परस्परांशी कशा जुळवाव्यात, मध्यावर, डाव्या कडेस की एखाद्या चिन्हापाशी, हा प्रश्न वरवर पाहता छापखान्यातील जुळाऱ्याच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो सूत्राच्या अर्थाशी निगडित आहे, आणि मराठीत गणित लिहिणाऱ्यास तर त्याचा विचार अधिकच काळजीने करावा लागतो.

१. पादलेखाचे प्रकार

बेरजेसाठी सिग्मा या ग्रीक अक्षराचा उपयोग ऑयलर याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला. पुढे या चिन्हाच्या खाली आरंभाची व वर शेवटची मर्यादा लिहिण्याची रीत रूढ झाली. एकाच चलाची क्रमाने वाढणारी मूल्ये घ्यावयाची असतील तर ती रीत पुरेशी असते. परंतु संख्याशास्त्रात किंवा संख्यासिद्धांतात चलाची मूल्ये एखाद्या नियमाने निवडावयाची असतात, तेव्हा वरची मर्यादा गळून पडते व सर्वच अटी चिन्हाखाली जमा होतात. बहुपंक्ती पादलेखाचा उगम येथे आहे.

अशा पादलेखांचे तीन प्रकार मानता येतात. पहिला मर्यादादर्शक : यात प्रत्येक ओळ एकेका चलाचा विस्तार सांगते. दुसरा अटदर्शक : यात सर्व ओळी एकाच चलावरील निरनिराळ्या अटी सांगतात. तिसरा नामदर्शक : यात ओळी मिळून एकच नाव होते व ते केवळ जागेअभावी तोडलेले असते.

तिसऱ्या प्रकाराचे एक साधे उदाहरण ठाणे जिल्ह्यातून घेता येईल. धसई नावाचे एक गाव मुरबाड तालुक्यात आहे आणि त्याच नावाचे दुसरे गाव शेजारच्या शहापूर तालुक्यात आहे. गावाचे पर्जन्यमान ‘प’ या अक्षराने दर्शविणाऱ्या अभ्यासकास पायाशी केवळ ‘धसई’ लिहून चालत नाही. ‘धसई’ व तिच्याखाली ‘मुरबाड’, अथवा ‘धसई’ व तिच्याखाली ‘शहापूर’ असा दोन ओळींचा पादलेख द्यावा लागतो. या दोन ओळींमध्ये ‘आणि’ हा अर्थ नाही. धसईचे व मुरबाडचे मिळून पर्जन्यमान असा त्याचा अर्थ कोणी घेतल्यास सारी आकडेमोड चुकेल. उलट पहिल्या दोन प्रकारांत ओळ बदलणे म्हणजेच ‘आणि’ म्हणणे होय. एकाच दृश्य रचनेस असे दोन भिन्न अर्थ असल्यामुळे जुळवणीनेच त्यांतील भेद दाखवावा लागतो.

२. जुळवणीमुळे अर्थ बदलतो तो कसा

हे स्पष्ट होण्यासाठी द. रा. कापरेकर यांनी अभ्यासिलेल्या संख्यांचा उपयोग करता येईल. कापरेकर यांचा जन्म १९०५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून काम करीत असतानाच त्यांनी संख्यांच्या गुणधर्मांवर आयुष्यभर लेखन केले, व त्यांतील पुष्कळसे पुस्तिकारूपाने स्वतःच छापून घेतले. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला त्यांनी ‘हर्षद’ असे नाव दिले. उदाहरणार्थ, ४२ मधील अंकांची बेरीज ६ व ४२ ला ६ ने निःशेष भाग जातो. एखादी संख्या व तिच्या अंकांची बेरीज मिळून जी संख्या होते ती पहिलीपासून उत्पन्न झाली असे मानल्यास, १५ पासून २१ उत्पन्न होते. परंतु २० ही संख्या कोणत्याही संख्येपासून अशा रीतीने उत्पन्न होत नाही. अशा संख्यांना त्यांनी ‘स्वयंभू’ म्हटले.

१०० पर्यंतच्या हर्षद संख्या ३३ असून त्यांची बेरीज १२२२ येते. त्याच मर्यादेतील स्वयंभू संख्या १३ आहेत व त्यांची बेरीज ४९३ होते. ज्या संख्या हर्षदही आहेत आणि स्वयंभूही आहेत अशा केवळ सात : १, ३, ५, ७, ९, २० व ४२. त्यांची बेरीज ८७. ही शेवटची बेरीज सूत्ररूपाने पुढीलप्रमाणे मांडता येईल :

∑ न = ८७
न ≤ १००
न हर्षद
न स्वयंभू

येथे तिन्ही ओळी ‘न’ या अक्षराने आरंभ होतात व एकाच कडेस येतात. प्रत्येक ओळ ही स्वतंत्र अट आहे व तिन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हावयास हव्यात, हे वाचकास न सांगता कळते. तिसरी ओळ मुद्रणात गळाली तर उत्तर ८७ ऐवजी १२२२ होईल. दुसरी गळाली तर ४९३ होईल.

आता ‘आणि’ च्या ठिकाणी ‘किंवा’ घ्यावयाचे आहे असे समजू. १०० पर्यंतच्या ज्या संख्या हर्षद किंवा स्वयंभू आहेत त्यांची बेरीज १२२२ व ४९३ यांच्या बेरजेतून दोहोंत आलेल्या संख्यांचे ८७ वजा केल्याने, म्हणजे १६२८, मिळते. हिची मांडणी अशी :

∑ न = १६२८
न ≤ १००
न हर्षद
　　किंवा स्वयंभू

चौथी ओळ येथे मुद्दाम आत सरकविली आहे. ती स्वतंत्र अट नसून तिसऱ्या ओळीचाच उरलेला भाग आहे, हे त्या मोकळ्या जागेने सांगितले जाते. तीच ओळ बाहेर, इतर ओळींच्या कडेस आणली तर वाचन असे होऊ शकते : ‘न हा १०० पेक्षा मोठा नसून हर्षद आहे, किंवा न हा स्वयंभू आहे.’ या वाचनात १०० ची मर्यादा केवळ हर्षद संख्यांना लागू राहते व स्वयंभू संख्या अमर्याद होतात. स्वयंभू संख्या अनंत आहेत हे सिद्ध झालेले आहे. तेव्हा बेरीज १६२८ न राहता तिला सांत मूल्यच उरत नाही. एका ओळीच्या आरंभी सोडलेल्या दोन अक्षरांच्या जागेवर सूत्राचा एवढा अर्थ अवलंबून असतो.

सर्व ओळी मध्यावर जुळविल्या तर काय होईल, याचाही विचार करणे अवश्य आहे. मध्यावरील जुळवणीत प्रत्येक ओळीचा आरंभ तिच्या लांबीप्रमाणे निरनिराळ्या ठिकाणी होतो. त्यामुळे एखादी ओळ आत सरकली आहे ती मागील ओळीचा भाग म्हणून की केवळ आखूड म्हणून, हे कळण्यास मार्ग राहत नाही. म्हणून अटदर्शक पादलेख डाव्या कडेस जुळविणे हेच इष्ट होय, आणि ओळींची लांबी जितकी विषम तितके ते अधिक अवश्य होते. नामदर्शक पादलेख चिन्हाच्या उजव्या बाजूस येतो. तोही डाव्या कडेस जुळवावा, कारण तसे केल्यानेच दोन्ही ओळी मूळ चिन्हापासून सारख्या अंतरावर राहतात.

मर्यादादर्शक पादलेखाची गोष्ट निराळी आहे. ‘१ ≤ अ ≤ म’ व ‘१ ≤ ब ≤ न’ या दोन ओळींची घडण एकच व लांबी जवळजवळ समान असते. अशा ओळी मध्यावर जुळविल्याने संकलनचिन्हाशी त्यांचा तोल राखला जातो व अर्थास बाध येत नाही. लांबी थोडी विषम असेल तर तुलनाचिन्हे एकाखाली एक आणावीत; त्यामुळे कोणता चल कोणत्या मर्यादांत आहे हे दृष्टिक्षेपात कळते.

३. खिळ्यांच्या मुद्रणातील रीत

शिशाच्या खिळ्यांनी मुद्रण होत असे त्या काळी बहुपंक्ती पादलेख हे जुळाऱ्याच्या कौशल्याची परीक्षा पाहणारे काम होते. सूत्रातील मुख्य ओळ एका आकाराच्या खिळ्यांची, पादलेख त्याहून लहान खिळ्यांचा, आणि दोहोंमधील रिकामी जागा धातूच्या पट्ट्यांनी भरावयाची, असा तो प्रकार असे. पादलेखात एक ओळ वाढली की तिच्या आजूबाजूची जागाही तितक्याच उंचीपर्यंत भरून काढावी लागे, अन्यथा फर्मा घट्ट बसत नसे. परदेशात मोनोटाइप यंत्रावर गणित जुळविण्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चार थरांची पद्धत प्रचारात आली, तरी एकाहून अधिक ओळींच्या पादलेखास हाताचे काम टळले नाही.

देवनागरीच्या जुळाऱ्यास थरांची रचना नवी नव्हती. जुन्या पद्धतींपैकी एकीत साध्या शब्दाची एक ओळही तीन थरांत बसविली जाई : वरच्या थरात वेलांट्या, मात्रा व रफार, मध्ये अक्षरे, आणि खाली उकार. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजी यांनी सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी टंक ज्या सुबकतेसाठी नावाजले गेले, तिच्यामागे या थरांचा नेमका मेळ होता. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. रोमन लिपीतील दोन ओळींचा पादलेख दोन थरांचा असतो. देवनागरीतील दोन ओळींचा पादलेख मात्र एका अर्थाने सहा थरांचा असतो.

४. संगणकीय जुळणी

स्टॅनफर्ड विद्यापीठातील डोनाल्ड नूथ यांच्या हाती १९७७ साली त्यांच्या ग्रंथमालेतील दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. प्रकाशजुळणीने तयार झालेली ती सूत्रे पूर्वीच्या धातूच्या मुद्रणापेक्षा इतकी निकृष्ट दिसली की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची एक प्रणाली रचण्यास घेतली. ‘टेक’ या नावाने ती पुढे जगभर रूढ झाली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर उभारलेली ‘लेटेक’ ही प्रणाली आज गणिताचे बहुतेक प्रबंध लिहिण्यासाठी वापरली जाते.

या प्रणालीत सूत्रातील प्रत्येक भागास त्याच्या स्थानाप्रमाणे आकार मिळतो. मूळ टंक १० पॉइंटांचा असेल तर पादांक ७ पॉइंटांचा व पादांकाचा पादांक ५ पॉइंटांचा होतो. मूळ टेकमध्ये एका ओळीखाली दुसरी ओळ ठेवण्यासाठी ‘अ‍ॅटॉप’ ही आज्ञा आहे. परंतु ती रेषा नसलेल्या अपूर्णांकासारखी वागते. आणि पादलेखात आलेल्या अपूर्णांकाचे अंश व छेद आणखी एक पायरी लहान होत असल्यामुळे दोन्ही ओळी ७ ऐवजी ५ पॉइंटांत उमटतात. यास्तव नूथ यांनी प्रत्येक ओळीस तिचा आकार स्पष्टपणे सांगावा असे सुचविले आहे. तीन ओळी हव्या असतील तर ही आज्ञा एकीत एक गुंफावी लागते, व मग ओळींमधील अंतरे समान राहत नाहीत.

ही अडचण अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या ‘एएमएसमॅथ’ या आज्ञासंचाने दूर केली. त्यातील ‘सबस्टॅक’ ही आज्ञा पादलेखाच्या हव्या तितक्या ओळी योग्य आकारात व मध्यावर जुळविते. डाव्या कडेची जुळवणी हवी असल्यास ‘सबअ‍ॅरे’ ही रचना वापरून तसा निर्देश करावा लागतो. तुलनाचिन्हापाशी जुळविण्याची सोय या दोहोंत नाही. तिच्यासाठी निराळी कोष्टकरचना घेऊन तिचा आकार पादलेखाइतका लहान करावा लागतो. विद्यार्थी बहुधा पहिली आज्ञा शिकून थांबतात. त्यामुळे अटदर्शक पादलेखही मध्यावर जुळविले जातात, व मागील विभागात दाखविलेली संदिग्धता प्रबंधात शिरते. यंत्राने निवडलेली जुळवणी हीच योग्य जुळवणी असा समज येथे घातक ठरतो.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. अनेक ओळींचा गट टेकच्या दृष्टीने एक पेटी असते व ती पेटी आपल्या उभ्या मध्यापाशी तोललेली असते. चिन्हाच्या बाजूस अशी पेटी ठेवली तर तिचा मध्य पादांकाच्या जागी येऊ पाहतो, आणि पहिली ओळ वर सरकून मूळ अक्षराच्या मध्याशी भिडते. एका ओळीचा पादांक जेथे बसला असता तेथेच बहुपंक्ती पादलेखाची पहिली ओळ बसावी व बाकीच्या ओळी तिच्याखाली उतराव्यात, हा नियम पाळावयाचा तर पेटी पहिल्या ओळीपाशी तोलण्याची आज्ञा द्यावी लागते.

५. देवनागरीतील विशेष अडचणी

रोमन अक्षरे आधाररेषेवर उभी असतात; देवनागरी अक्षरे शिरोरेषेस टांगलेली असतात. ‘सबअ‍ॅरे’ रचनेत दोन ओळींमधील अंतर ठरते ते गणिती टंकाच्या मापांवरून, पादलेखातील शब्द ज्या टंकात आहेत त्याच्या मापांवरून नव्हे. गणिती टंक रोमन अक्षरांसाठी आखलेला असल्याने त्याच्या हिशेबात शिरोरेषेवरील वेलांट्या व अक्षराखालील उकार यांना जागा नसते. दोन ओळी एकमेकींच्या फार निकट आल्या तर प्रणाली त्यांच्यामध्ये किमान अंतर घालते, पण ते त्या दोन ओळींपुरतेच. परिणामी ज्या ओळीत उकार आहे तिच्याखाली अधिक जागा व जीत नाही तिच्याखाली कमी जागा, असा विषम पादलेख तयार होतो. वाचकास त्या अधिक जागेत काही अर्थ असावा असे उगीच वाटते.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक ओळीत एक अदृश्य टेकू ठेवावा. शून्य रुंदीची, परंतु त्या टंकातील सर्वांत उंच वेलांटीपासून सर्वांत खोल उकारापर्यंत पोहोचणारी अशी ही कल्पित पट्टी सर्व ओळींची उंची व खोली सारखी करते. मग ओळीत कोणतेही शब्द येवोत, अंतर समान राहते.

ओळींचा क्रम जेथे ऐच्छिक असतो तेथे अक्षरांच्या घडणीचाही विचार करावा. धसईच्या उदाहरणात गावाचे नाव वर व तालुक्याचे खाली घेतले तर ‘धसई’ या शब्दाखाली उकार नाही आणि ‘मुरबाड’ व ‘शहापूर’ यांच्या शिरोरेषेवर काही नाही. दोन्ही ओळी निर्वेधपणे बसतात. क्रम उलट केल्यास ‘शहापूर’ मधील ऊकार खालच्या ओळीकडे उतरतो, त्याच वेळी ‘धसई’ मधील ई चा वरचा आकडा वर चढतो, आणि दोहोंना मिळून अधिक अंतर द्यावे लागते. अटींच्या क्रमास मात्र हा न्याय लावू नये. तेथे तर्काचा क्रम अक्षरांच्या सोयीहून श्रेष्ठ होय.

टंकाच्या आकाराचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. रोमन एकाक्षरी चल ५ पॉइंटांतही ओळखता येतो. देवनागरी जोडाक्षर त्या आकारात वाचता येणे कठीण. म्हणून मराठी शब्द असलेला पादलेख ७ पॉइंटांहून लहान होऊ देऊ नये, व पादलेखास पुन्हा पादलेख देण्याचे टाळावे. सूत्रातील चल रोमन व अटीतील शब्द मराठी असतील तर नाममात्र आकार समान असूनही एक लिपी दुसरीहून लहान दिसते; तेव्हा नुसते आकडे न जुळविता छापलेले पान पाहूनच दोन्ही लिपींचा मेळ घालावा. फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ साली टेकसाठी देवनागरी टंक उपलब्ध केला, आणि जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’ प्रणालीमुळे २००४ पासून युनिकोडमधील कोणताही देवनागरी टंक वापरता येऊ लागला. साधनांची उणीव अशा रीतीने बरीच दूर झाली असली, तरी सूत्रांतर्गत मराठी मजकुराची मापे लेखकालाच ठरवावी लागतात.

६. पादलेख आखूड करण्याचे मार्ग

सर्वांत चांगली जुळवणी म्हणजे पुष्कळदा ओळच कमी करणे होय. ‘१ ≤ अ ≤ ३’ व ‘अ < ब ≤ ३’ या दोन ओळी ‘१ ≤ अ < ब ≤ ३’ अशा एकाच ओळीत सामावतात. अब ची बेरीज दोन्हीकडे ११ च येते. अट लांब शब्दांची असेल तर त्या संख्यांच्या संचास आधी नाव द्यावे व पादलेखात केवळ संचाचे नाव लिहावे. रुंद पादलेखामुळे संकलनचिन्ह व त्यापुढील पद यांच्यात जी पोकळी पडते, तीही यामुळे नाहीशी होते.

केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली सुचविलेली व नूथ यांनी पुढे पुरस्कारिलेली एक रीत येथे उल्लेखनीय आहे. तीत अट चौकटी कंसात घालून पदाशेजारीच लिहितात. अट खरी असेल तर कंसाचे मूल्य १ व खोटी असेल तर ० मानतात. मग ‘न हर्षद’ व ‘न स्वयंभू’ या अटी संकलनचिन्हाखालून निघून न च्या शेजारी दोन कंसांत येतात, आणि त्यांच्या गुणाकारानेच ‘आणि’ हा अर्थ सिद्ध होतो. येथे ओळींच्या जुळवणीचा प्रश्नच उरत नाही. तथापि कंस पुष्कळ झाले की मुख्य पद त्यांत हरवते, म्हणून ही रीत दोन-तीन अटींपुरती सोयीची.

गद्याच्या ओघात, वाक्याच्या मध्ये, बहुपंक्ती पादलेख कधीही घालू नये. तेथे संकलनचिन्ह लहान होते, पादलेख बाजूस सरकतो आणि एका ओळीसाठी साऱ्या परिच्छेदातील अंतर बिघडते. असे सूत्र स्वतंत्र ओळीवर घ्यावे.

मुद्रितशोधनाच्या वेळी शेवटी एक कसोटी लावून पाहावी. पादलेख मोठ्याने वाचावा, आणि प्रत्येक ओळ संपताच ‘आणि’ म्हणावे. जेथे ‘आणि’ म्हणता येत नाही तेथे ती ओळ एक तर मागील ओळीचा भाग आहे, आणि मग ती आत सरकविली पाहिजे. किंवा ती नावाचा तुटलेला तुकडा आहे, आणि मग तिच्यासाठी दुसरी मांडणी शोधली पाहिजे. हे वाचन लेखकानेच करावयाचे असते. जुळाऱ्याच्या हाती खिळे असोत वा संगणक, त्याला सूत्रातील ‘आणि’ व ‘किंवा’ माहीत असण्याचे कारण नाही.